भट्टीचा वेळ, फेलोशिपचा वेळ

शोधनिबंधावर नावं छापण्याचा एक क्रम असतो. तो कुठे लिहून ठेवलेला नाही, पण प्रयोगशाळेत आल्यापासून आठवड्याभरात प्रत्येकाला कळतो. सगळ्यात शेवटी गाइडचं नाव. मध्ये ज्यांनी मोजमापं करून दिली, एखादं यंत्र वापरू दिलं किंवा नुसताच लोभ ठेवला, त्यांची. आणि सगळ्यात आधी, तो पदार्थ ज्याने किंवा जिने स्वतःच्या हाताने केला, त्याचं. वर्तमानपत्रवाले मात्र शेवटच्या नावापासून सुरुवात करतात आणि बहुधा तिथेच थांबतात.

1997 साली ‘जर्नल ऑफ दि इलेक्ट्रोकेमिकल सोसायटी’त एक निबंध आला. लिथियम आयर्न फॉस्फेट या स्वस्त, साध्या संयुगातून लिथियम बाहेर काढता येतं आणि परत आत घालता येतं, म्हणजे त्याची बॅटरी होऊ शकते, असं त्यात दाखवलं होतं. शेवटचं नाव जॉन गुडइनफ यांचं. त्यांना 2019 साली, वयाच्या 97व्या वर्षी, नोबेल मिळालं. पहिलं नाव ए. के. पाढी, दुसरं के. एस. नंजुंडस्वामी. टेक्सासमधल्या त्या प्रयोगशाळेत खल घेऊन बसलेली ही दोन भारतीय नावं आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहेत? नेक्सॉनची विजेवरची गाडी रस्त्यात आडवी आली की मला पाढींची आठवण होते, कारण तिच्या बॅटरीत तेच संयुग आहे.

दुसरं उदाहरण घ्या. 2009 साली जपानमध्ये अकिहिरो कोजिमा या विद्यार्थ्याचं नाव आधी आणि त्याचे गाइड त्सुतोमु मियासाका यांचं नाव शेवटी, असा निबंध निघाला. पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकांनी सूर्यप्रकाशाची वीज करून दाखवली होती, 3.8 टक्के कार्यक्षमतेने. 1993 साली एमआयटीतून आलेल्या ज्या निबंधामुळे क्वांटम डॉट नावाचे अतिसूक्ष्म स्फटिक हव्या त्या आकाराचे करता येऊ लागले, त्यावर नावं होती मरी, नॉरिस आणि बावेंडी. पहिले दोघे विद्यार्थी. तिसऱ्यांना 2023 साली नोबेल मिळालं.

अन्यायाची यादी मांडायला मी बसलेलो नाही. कल्पना, पैसा, वर्षानुवर्षांची दिशा हे गाइडचं असतं आणि त्याचं मोल आहेच. पण नवे पदार्थ करण्याच्या या विषयात एक गोष्ट अशी घडते की नवा पदार्थ जगात पहिल्यांदा पाहतो तो नवखा माणूस. पंचविशी-तिशीतला, नोकरी पक्की नसलेला, रात्री उशिरा मेस बंद झाल्यावर वडापाव शोधत फिरणारा. त्यामुळे त्याचं आयुष्य कसं आखलेलं आहे, त्याच्या हातात किती वर्षं आहेत, यावर जगाला कुठले पदार्थ मिळणार हे थोडंफार ठरतं. तरुण संशोधकांच्या लेखांच्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहायचं मी कबूल केलं ते एवढ्याचसाठी. यात लिहिणारी मंडळी अजून कुठे ‘पोचलेली’ नाहीत, आणि पोचलेल्यांची आत्मचरित्रं आपल्याकडे पुष्कळ आहेत.

विषयाच्या नावाचा घोळ आधीच मिटवून टाकतो. माझ्या वडिलांच्या पिढीला ‘पदार्थविज्ञान’ म्हटलं की फिजिक्स कळायचं. माझ्या आत्याला ‘पदार्थ’ म्हटलं की साबुदाणावडा. आमच्यात कोणी ‘पदार्थ रसायनशास्त्र’ म्हणत नाही, ‘मटेरिअल केमिस्ट्री’ म्हणतात. औषधाचा रेणू करणाऱ्या रसायनज्ञाला एक रेणू नीट झाला की पुरतं, कारण पुढचे सगळे तसेच असतात. मटेरिअलवाल्याची अडचण वेगळी. त्याचं संयुग बरोबर असूनही पदार्थ चुकू शकतो. कण मोठे राहिले, भेगा पडल्या, पृष्ठभागावर ओल बसली, स्फटिकात एखादा अणू जागेवर नसला, तर सूत्र तेच आणि गुण वेगळे. लिथियम आयर्न फॉस्फेट सुरुवातीला असंच अडलं होतं. त्यातून वीज नीट वाहत नव्हती. त्या कणांवर कार्बनचा पातळ थर चढवला तेव्हा कुठे ते कामाचं झालं. सूत्रात काहीही बदललं नव्हतं.

म्हणून या विद्येत हाताला महत्त्व आहे, आणि हाताची विद्या छापील मजकुरात मावत नाही.

माझी स्वतःची पीएच.डी. नव्वदच्या दशकातली. तेव्हा मँगनाइटांची लाट होती. लँथेनमचं ऑक्साइड, कॅल्शियमचं कार्बोनेट आणि मँगनीजचं ऑक्साइड एकत्र वाटायचं, तापवायचं, पुन्हा वाटायचं, पुन्हा तापवायचं. जो काळा पदार्थ मिळतो त्याचा विद्युतरोध चुंबकी क्षेत्रात धाडकन उतरतो, आणि त्या वेळी जगभर त्याचाच बोलबाला होता. एप्रिलमध्ये केलेला माझा नमुना देखणा निघाला. जुलैत तीच कृती, तोच अ‍ॅगेटचा खल, तीच भट्टी, आणि एक्सरेच्या आलेखात भलतेच सुळके. महिनाभर मी भट्टीवर संशय घेतला, मग मुशीवर, शेवटी स्वतःवर. आपल्याला हे जमणारं नाही, बी.एड. करावं, इथपर्यंत विचार गेला. एके दिवशी कँटीनमध्ये एका सिनियरने सहज विचारलं, “लँथेनम भाजून घेतोस ना आधी?”

मी घेत नव्हतो. लँथेनम ऑक्साइड ही मोठी तहानलेली चीज. हवेतला ओलावा पिऊन ती हायड्रॉक्साइड होते. पूर्ण झाली तर वजन एक षष्ठांशाने वाढतं. म्हणजे तराजूवर दहा ग्रॅम म्हणून तोललेल्या पांढऱ्या पुडीत खरं ऑक्साइड साडेआठ ग्रॅमच्या आसपास. एप्रिलच्या कोरड्या हवेत बाटली नवी होती, चुकलं नाही. पावसाळ्यात पुण्याची हवा तिच्यात शिरली. आधी हजार अंशाच्या आसपास भाजायचं, गरम असतानाच बंद भांड्यात ठेवायचं, गार झाल्या झाल्या तोलायचं, एवढाच उपाय. मी ज्या निबंधांवरून काम करत होतो त्यातल्या बहुतेकांत एवढंच होतं की घटक योग्य प्रमाणात घेतले. हे ‘योग्य प्रमाणात’ म्हणजे पाककृतीतल्या ‘मीठ चवीपुरतं’ याचं सख्खं भावंड. ज्याला येतं त्याच्यासाठी पुरेसं, ज्याला येत नाही त्याच्यासाठी निरुपयोगी.

त्या सिनियरचं नाव माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आहे. ते कशासाठी आहे, हे मात्र मी तिथे लिहिलं नाही. सगळेच असे ‘मोलाच्या सूचनांबद्दल’ आभार मानतात.

आता वेळेचं बोलतो, कारण या पुस्तकातल्या जवळपास प्रत्येक लेखाच्या तळाशी तो प्रश्न पडलेला आहे.

साधा हिशेब करू. नाण्याएवढी एक बॅटरी तुम्ही केलीत. आर्गॉन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये, रबरी हातमोज्यांत हात घालून, कपाळावरचा घाम पुसता येत नाही अशा अवस्थेत. आता ती हजार वेळा भरून रिकामी करून दाखवायची आहे. एका तासात भरणं आणि एका तासात रिकामं करणं असा वेग धरला तर एका फेरीला दोन तास, हजार फेऱ्यांना दोन हजार तास. म्हणजे 83 दिवस. यंत्र न थांबता, वीज न जाता. पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार म्हणजे वीज जाण्याचा दिवस हे सांगायला नको. जनरेटर असतो, यूपीएस असतो, तरी 61व्या दिवशी काहीतरी होतं आणि आलेखात एक खाच पडते. ती खाच रिव्ह्यूअरला बरोबर दिसते. तो विचारतो, हे काय? मग पुन्हा पहिल्यापासून.

भट्टीचंही तेच. कित्येक ऑक्साइडांना चोवीस-चोवीस तास तापवावं लागतं, मध्ये काढून वाटावं लागतं, परत ठेवावं लागतं. थंड करतानाही घाई चालत नाही. मिनिटाला दोन अंश म्हटलं की दोनच. पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये टेफ्लॉनच्या भांड्यात 180 अंशांवर जे शिजत असतं ते आपोआप गार होईपर्यंत उघडायचं नसतं. उत्साहात गरम असताना उघडलं तर काय होतं, याच्या खुणा भिंतीवर आणि छतावर दाखवणाऱ्या प्रयोगशाळा मी पाहिल्या आहेत. सुदैवाने माणसांवर कमी.

पदार्थ तयार झाला तरी तो आहे तोच आहे हे सिद्ध करायला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हे कोट्यवधींचं यंत्र, ते प्रत्येक विभागात नसतं. आमच्या वेळी पुण्याहून पहाटेची गाडी पकडून पवईच्या आयआयटीत नमुने घेऊन जायचे दिवस होते. डब्यात पोळीभाजी आणि त्याच पिशवीत टिश्यूपेपरात गुंडाळलेल्या काळ्या पुड्या. आज अर्ज ऑनलाइन होतो, पण यंत्र एक आणि गरजू शेकडो ही गोष्ट तशीच आहे. मुलं ‘सॅम्पल पाठवलंय’ असं ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात पूर्वी घरची माणसं ‘पत्र टाकलंय’ म्हणायची.

हा झाला पदार्थाचा वेळ. माणसाचा वेळ असा: नेट पास होऊन मिळालेली फेलोशिप एकूण पाच वर्षांची, दोन ज्युनियर म्हणून, तीन सिनियर म्हणून. त्यातले पहिले सहा-आठ महिने कोर्सवर्क आणि विषय ठरवण्यात. शेवटचं वर्ष प्रबंध लिहिण्यात आणि पुढचं काही शोधण्यात. उरली तीन-साडेतीन वर्षं. 83 दिवसांची एक चाचणी फसली, पावसाळ्यात एक नमुना गेला, यंत्राची वाट पाहण्यात दोन महिने गेले की कॅलेंडर संपलं. प्रोजेक्टवर लागलेल्यांचा करार तर वर्षा-वर्षाने वाढतो, आणि वाढीचं पत्र येईपर्यंत पगार थांबलेला असतो.

आता याच्याशेजारी मेलबर्नचे रिचर्ड रॉबसन ठेवून पाहा. 1974 साली विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ते लाकडी गोळ्यांची मॉडेल करून घेत होते. कुठल्या अणूला कुठल्या कोनात भोकं पाडायची हे विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये सांगताना त्यांच्या लक्षात आलं की भोकांच्या जागेतच सगळी रचना दडलेली आहे. म्हणजे अणूंना असं ‘सांगता’ आलं तर जाळीदार स्फटिक ठरवून बांधता येतील. कल्पना 1974ची. तिच्यावरचा पहिला मोठा निबंध 1989चा. मधली पंधरा वर्षं माणूस नोकरीत होता, शिकवत होता, कल्पना डोक्यात मुरत होती. 2025 साली सुसुमु कितागावा आणि ओमर याघी यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. पंधरा वर्षं मुरू देणं ही चैन आहे, आणि ती कायमच्या नोकरीवरच्या माणसालाच परवडते. फेलोशिपवरच्या मुलाला अशी कल्पना 1974ला सुचली असती तर 1979ला तो दुसरं काहीतरी करत असता.

मग घाईच्या वेळेत कुठले पदार्थ होतात? याचं एक उदाहरण घरचंच आहे आणि मला ते लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतं. 2004 साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये एक निबंध गेला. पहिलं नाव एस. शिव शंकर, शेवटचं मुरली शास्त्री. गवती चहाच्या अर्कात सोन्याच्या क्षाराचं द्रावण मिसळलं की सोन्याचे पातळ त्रिकोणी नॅनोकण तयार होतात, असं त्यात दाखवलं होतं. गवती चहा! जो आपण पावसाळ्यात चहात आल्यासोबत टाकतो तोच. त्या कामात खरी नजर होती: त्रिकोणच का, ते वाढतात कसे, प्रकाश कुठल्या रंगाचा शोषतात, हे सगळं नीट पाहिलेलं होतं.

त्यानंतर मात्र अंगणातलं एक झाड सुटलं नाही. कडुनिंब याच गटाने केला होता. पाठोपाठ देशभर तुळस, कोरफड, शेवगा, जास्वंद, पपई. पाला उकळा, चांदीचं नायट्रेट घाला, द्रावण तपकिरी झालं की आलेख काढा, दोन जिवाणूंवर परिणाम दाखवा, पाठवा. शेकड्यांनी असे निबंध आले. अजून येतात. यात नवीन काय, असा प्रश्न व्हायवामध्ये विचारला की समोरचा मुलगा गोंधळून पाहतो, आणि त्याचं चुकतं असंही म्हणवत नाही. त्याच्या विभागात ग्लोव्हबॉक्स नाही. चांगली भट्टी आहे पण तिचं थर्मोकपल बिघडलंय. प्रबंध सादर करायला निबंध छापून आलेला असणं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022च्या नियमांपर्यंत सक्तीचं ठेवलं होतं. नियमातून ते गेलं, लोकांच्या मनातून गेलेलं नाही. त्याच्याजवळ आहे एक हॉट प्लेट, तीन वर्षं आणि विभागामागे उगवलेलं झाड. त्याने ते झाड वापरलं. मी व्हायवात त्याला पास करतो आणि घरी येऊन चिडचिड करतो.

पण साधनं नसली की नेहमी पालाच उकळावा लागतो असं नाही, आणि याची साक्ष कोल्हापुरात आहे. शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे आणि त्यांच्यासारख्यांच्या गटांनी पातळ थरांचं जे काम उभं केलं ते मला या विषयातलं मराठी मुलखाचं सगळ्यात मोलाचं काम वाटतं. अर्धवाहक पदार्थाचा पातळ थर काचेवर चढवायचा तर श्रीमंत प्रयोगशाळा निर्वात पंप लावतात, पदार्थाची वाफ करतात. इथे बीकर लावले. ‘सिलार’ नावाची पद्धत, 1985 साली फ्रान्समध्ये निकोलाऊ यांनी नाव देऊन मांडलेली, इथल्या हातांत मुरली. काचेची पट्टी एका द्रावणात बुडवायची, धातूचे आयन पृष्ठभागाला चिकटतात. पाण्यात धुवायची, सैल असतं ते निघून जातं. दुसऱ्या द्रावणात बुडवायची, सल्फाइडचे आयन येऊन धातूला भेटतात. पुन्हा धुवायची. असं शंभर वेळा, दीडशे वेळा, सेकंद मोजत. चार बीकर आणि एक मुलगा किंवा मुलगी. थर वाढत जातो तसा काचेचा रंग बदलतो, आधी पिवळसर, मग गडद, आणि अनुभवी माणूस नुसत्या रंगावरून जाडी सांगतो.

स्वस्त पद्धत म्हणून तिला हलकं समजू नये. मोजमाप काटेकोर ठेवलं तर अशा थरांतून सौरघट होतात, सुपरकपॅसिटर होतात. माने आणि लोखंडे यांनी 2000 साली रासायनिक पद्धतीने थर चढवण्यावर लिहिलेला आढावा आजही जगभर वाचला जातो. या मंडळींनी गरिबीला विषय बनवलं. बुडवायचं किती वेळ, धुवायचं किती वेळ, द्रावणाची आम्लता एका अंशाने हलली तर काय, हे प्रश्न त्यांनी इतक्या चिकाटीने विचारले की पंपवाल्यांनाही उत्तरं वाचावी लागली.

आणि या कामाच्या जोरावर एक वेगळीच वाट पडली: कोल्हापूर ते दक्षिण कोरिया. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सांगली, सातारा, कोल्हापूरकडची किती मुलं कोरियात पोस्टडॉक करून आली याची मोजदाद मी केलेली नाही, पण विषयातल्या कुठल्याही परिषदेत दुपारच्या जेवणाच्या रांगेत उभं राहा, मागे कोणीतरी ग्वांगजूच्या थंडीबद्दल कोल्हापुरी हेल काढून बोलत असतं. तिकडे यंत्रं रात्रंदिवस हाताशी होती. पहिल्यांदा ज्याने स्वतः बसून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवला त्याचं वर्णन या पुस्तकात आहे. ते वाचताना मला गाडीतल्या माझ्या पुड्या आठवल्या. पण पोस्टडॉकचा करारही वर्षाचाच. एका कराराला दुसरा जोडत माणूस पस्तिशीला येतो. परत यायचं तर इन्स्पायर फॅकल्टीसारख्या योजनेची वयाची अट बत्तीस, आणि तीही मिळाली तर पाच वर्षांची. इकडे महाविद्यालयातली जागा निघाली तर अर्जात विचारतात, शिकवण्याचा अनुभव किती? सात वर्षं बुडवलेल्या काचा तिथे मोजत नाहीत. आई-वडील फोनवर एवढंच विचारतात की आता तरी पर्मनंट ना.

पैशांबद्दल फार लिहीत नाही, कारण लेखकांनी भरपूर लिहिलंय. आकडा एवढाच: 1 जानेवारी 2023 पासून ज्युनियरला 37,000 आणि सिनियरला 42,000 रुपये, वर घरभाडं. त्याआधी 31,000 आणि 35,000. घरी पाठवणारं कोणी असेल तर हे वाईट नाही. घरी पाठवायचं असेल तर गणित वेगळं. फेलोशिप महिनोन्महिने अडकली की मुलांना आंदोलन करावं लागतं, हे मराठी वाचकाला नवीन नाही.

मुलींच्या लेखांतला एक मुद्दा मात्र मला आधी सुचला नव्हता. जाळीदार स्फटिक असोत की पेरोव्हस्काइटची शाई, डायमिथाइल फॉर्मामाइड हे द्रावक हरघडी लागतं. ते गर्भाला धोकादायक आहे. म्हणजे बाळ हवं असं ठरवलं त्या दिवसापासून, कोणाला काही सांगायच्या कितीतरी आधी, त्या मुलीला आपल्याच कामापासून दूर उभं राहावं लागतं. नियमात मातृत्वरजा आहे, पूर्ण पीएच.डी.च्या काळात 240 दिवसांची. पण सांगण्याच्या आधीचे ते तीन-चार महिने कुठल्या नियमात बसवणार? एकीने लिहिलंय की तिने लॅबमेटला ‘मला हल्ली या वासाने डोकं दुखतं’ असं सांगून आपले नमुने करून घेतले. त्या लॅबमेटला कळलं होतं. त्याने विचारलं नाही. निबंधात त्याचं नाव दुसरं आहे.

शेवटी यंत्रांबद्दल थोडं. मला हल्ली कोणीही भेटलं की विचारतं, आता रोबोच करतील ना हे सगळं? 2023च्या नोव्हेंबरात बर्कलीच्या ‘ए-लॅब’ने ‘नेचर’मध्ये जाहीर केलं की माणसाचा हात न लागता त्यांच्या यंत्रांनी 17 दिवसांत 58 पैकी 41 संयुगं करून दाखवली. पुढच्या काही आठवड्यांत लंडनचे रॉबर्ट पाल्ग्रेव्ह आणि प्रिन्स्टनच्या लेस्ली शूप यांनी ते आलेख बारकाईने तपासले. त्यांचं म्हणणं असं पडलं की यात खरोखर नवं असं काहीच नाही. यंत्राने सुळके जुळवले, पण जुळणी बरोबर आहे का हे पाहायला लागते ती नजर तिथे नव्हती. यंत्राला सतरा दिवस लागले आणि माणसांना त्याची तपासणी करायला त्याहून जास्त, हे मला बोलकं वाटतं. रोबो मला हवाच आहे. बीकरमध्ये दीडशे वेळा पट्टी बुडवणाऱ्या मुलीला तर तो आधी मिळावा. फक्त जुलै महिन्यात त्याला लँथेनम भाजून घ्यायला कोण सांगणार?

त्याच वर्षी जुलैत दक्षिण कोरियातून एलके-99 ची हूल उठली होती. खोलीच्या तापमानाला अतिवाहक! शिसं, तांबं, फॉस्फेट, 925 अंशांची भट्टी, म्हणजे कुठल्याही बऱ्या विभागात करून पाहता येईल अशी कृती. आणि जगभर पोरांनी ती करून पाहिली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या गटाने ऑगस्टच्या सुरुवातीलाच सांगितलं की आमच्या नमुन्यात अतिवाहकता दिसत नाही. पुढे कळलं की रोध एकाएकी उतरत होता तो त्यात राहून गेलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. ते संयुग शंभर अंशांच्या थोडं वर आपली रचना बदलतं. ते दोन-तीन आठवडे मी फार मजेत होतो. ज्यांना एरवी कोणी विचारत नाही अशी मुलं रात्र-रात्र जागून जगाला सांगत होती की नाही, आमच्या मुशीत तसं झालं नाही. ‘झालं नाही’ याला एरवी कोणी छापत नाही.

या पुस्तकात ते छापलंय. प्रत्येक लेखाच्या शेवटी लेखकाने न जमलेली एक कृती द्यावी, अशी अट संपादकांनी घातली होती, आणि ती पानं मला सगळ्यात आवडली. काहींनी हात राखून लिहिलंय, ते कळतं. एकाने चार पानं भरून लिहिलंय आणि शेवटी बाटलीचा लॉट नंबर दिलाय.

शेवटचा लेख अर्धा आहे. तो लिहिणाऱ्या मुलीला सूक्ष्मदर्शकाचा स्लॉट अचानक रात्री अकरा ते तीन असा मिळाला. ‘बाकीचं उद्या पाठवते’ असा निरोप ठेवून ती गेली. दुसऱ्या दिवशी नमुन्यात काहीतरी अनपेक्षित दिसलं म्हणून ती परत भट्टीकडे वळली, आणि पुस्तक छपाईला जाईपर्यंत ‘उद्या’ आला नाही. संपादकांनी मला विचारलं, हा लेख वगळायचा का? मी म्हटलं, आहे तिथे तोडून छापा. तिला फोन केला तेव्हा तिने विचारलं, “सर, दुसऱ्या आवृत्तीत घालता येईल ना? अजून दोनदा रिपीट करून बघायचंय.”